दैनंदिन स्वावलंबन, वृद्धांचे

दीर्घकालीन आजार असूनही अंघोळ, कपडे, शौच, ऊठबस, जेवण ही रोजची कामे दुसऱ्याच्या आधाराविना करता येण्याची वृद्ध व्यक्तीची क्षमता. बोलीत यालाच ‘हातीपायी धड असणे’ म्हणतात. आजारांची संख्या मोजून ती कळत नाही. मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी असे तिन्ही घेऊन बडोद्याच्या दांडिया बाजारातली एखादी आजी रोज भाजी आणते, तर एकाच दुखण्याचे शेजारचे आजोबा जिना उतरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या अहवालातही निरोगी वार्धक्याची व्याख्या रोग नसण्यावर नाही, तर काय करता येते यावर बेतलेली आहे.

मोजमापाची सर्वांत प्रसिद्ध पट्टी अमेरिकी डॉक्टर सिडनी काट्झ यांची, १९६३ सालची. अंघोळ, कपडे, शौचाला जाणे, पलंग-खुर्चीतून उठणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे अशा सहा गोष्टी ती विचारते. बहुधा अंघोळ आधी सुटते, आपल्या हाताने जेवणे शेवटी. बरे होताना क्रम उलटा. ‘आज अंघोळ नको’ असे वारंवार कानी येऊ लागले, तर तो नेहमीच आळस नसतो.

लॉटन आणि ब्रोडी या अमेरिकी संशोधकांच्या १९६९ च्या पट्टीत फोन, खरेदी, स्वयंपाक, औषधे, पैशांचा हिशेब अशी आठ कामे आहेत. मूळ पट्टीत पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि धुणे विचारलेच जात नसे. आयुष्यात चहाही न केलेल्या आजोबांना ‘अक्षम’ ठरवावे का, हा प्रश्न आपल्याकडे अजून शिळा झालेला नाही. मांडी घालून पाटावर बसणे, उकिडवे बसणे, जमिनीवरून उठणे यांतले काहीच या दोन्ही पट्ट्या विचारत नाहीत. देवपूजा खाली बसून करणाऱ्या मराठी घरात मात्र पहिली हार तिथेच होते.

आजार क्षमता कशी खातो, याच्या वाटा वेगवेगळ्या. मधुमेहात तळपायाच्या नसा बधिर होतात, पाऊल कुठे पडले ते कळत नाही आणि तोल जातो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी एकदम उभे राहताच दाब उतरतो. म्हणून आधी पलंगाच्या कडेला जरा बसावे, मग उठावे. गुडघा झिजला की दुखण्याच्या भीतीने चालणे कमी होते, मांडीचे स्नायू वितळतात आणि सगळा भार पुन्हा गुडघ्यावरच येतो. हे चक्र तोडायला विश्रांती नाही, स्नायूंचा व्यायाम लागतो. जुम्मादादा व्यायाम मंदिरासारखा जुना आखाडा ज्या बडोद्यात आहे, तिथे हे सांगावे लागू नये, पण आखाडा तरुणांचा असतो असाच समज आहे.

घराचा वाटाही मोठा. बडोद्यातल्या रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांतला अरुंद जिना, उंच उंबरा, ओली मोरी ही आजाराइतकीच कारणे ठरतात. झोपाळ्यावर बसणे सुखाचे, पण उठताना तोच मागे सरकतो. गुडघे कमकुवत असतील तर हातांची, जरा उंच खुर्ची बरी. मोरीत भिंतीला घट्ट दांडा आणि बसायला स्टूल असले, तर अंघोळ पुष्कळ वर्षे आपली आपण होते. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची असते. बहुतेक लोक नेमकी उलट धरतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.

घरी करण्यासारखी एक चाचणी आहे: खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका धरून डॉक्टरांना दाखवावे. चाचणीच्या वेळी सोबत कोणीतरी असावे.

सर्वांत अवघड अडथळा मायेचा. ‘आई, तुम्ही बसा, मी आणते’ हे सूनबाईचे वाक्य प्रेमाचेच, पण दिवसातून वीसदा ऐकणाऱ्या सासूबाईंचे उठणे तेवढ्यांदा चुकते. भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या, देवाची भांडी ही कामे त्यांच्याकडेच ठेवावीत, दुप्पट वेळ लागला तरी.