अल्पाकाला म्होरकीची सवय लावणे

भित्र्या अल्पाकाने डोक्यावर म्होरकी शांतपणे चढवून घ्यावी आणि ती घालून चरावे, चालावे यासाठी टप्प्याटप्प्याने दिले जाणारे शिक्षण. म्होरकीला पशुपालक हॉल्टर असेही म्हणतात. दावणीत नेणे, गाडीत चढवणे, तपासणीसाठी उभे करणे ही कामे या एका सवयीवर अवलंबून असतात.

अल्पाका हा दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातील उंटकुळातील प्राणी असून तो लामासारखा ओझे वाहण्यासाठी नव्हे, तर लोकरीसाठी जोपासला गेला. पूर्ण वाढलेल्या जनावराचे वजन साधारण ५० ते ८५ किग्रॅ. असते. एवढ्या वजनाला दोघे जण कोपऱ्यात दाबून धरू शकतात आणि म्होरकी चढवूही शकतात. पण पुढे वर्षानुवर्षे म्होरकीला बुजणारी बहुतेक जनावरे अशाच धरपकडीतून तयार होतात. कळपात राहणाऱ्या आणि पळून जीव वाचवणाऱ्या या प्राण्याला कोंडले जाणे हेच मोठे संकट वाटते.

भीतीचे मूळ : अल्पाकाचे नाकाड आखूड असते. डोळ्यांच्या पुढे थोड्या अंतरापर्यंतच हाड असते, त्यापुढे मऊ कूर्चा. उंटकुळातील प्राणी मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. म्होरकीची नाकपट्टी घसरून कूर्चेवर आली की श्वासमार्ग दाबला जातो. अशा वेळी जनावर डोके झटकते, मागे रेटते, उड्या मारते किंवा पाय मुडपून खाली बसते. पाहणाऱ्याला तो हट्ट वाटतो. प्रत्यक्षात त्याचा श्वास कोंडत असतो. म्हणून शिकवण्याआधी म्होरकी तपासावी. बसण्यातच दोष असेल तर कितीही धीराने शिकवले तरी भीती वाढतच जाते.

योग्य माप : बोट नाकाडावरून हलकेच पुढे सरकवले की हाड कुठे संपते ते हाताला कळते. नाकपट्टी त्या कडेच्या बरीच मागे, डोळ्यांच्या जवळ पण डोळ्यांना न टेकता बसली पाहिजे. तिला तिथे रोखून धरते ती कानांमागची पट्टी. ती कानांच्या लगेच मागे, कवटीला लागून घट्ट असावी. मानेवर ओघळलेली पट्टी सैल समजावी. नाकपट्टी मात्र ऐसपैस हवी, कारण रवंथ करताना खालचा जबडा आडवा फिरतो. नवशिके नेमके उलट करतात : जनावराला मोकळे वाटावे म्हणून कानांमागची पट्टी सैल ठेवतात आणि म्होरकी निघू नये म्हणून नाकपट्टी आवळतात. बकल लावल्यावर नाकपट्टी दोन्ही बाजूंनी धरून शेंड्याकडे हलकेच ढकलून पाहावी. ती हाडावरून उतरत असेल तर कानांमागची पट्टी आणखी घट्ट करावी. तिची भोके संपली असतील तर ती म्होरकी त्या जनावराची नव्हे. वाढत्या पिल्लांचे माप दर वेळी नव्याने पाहावे.

जागा आणि जवळीक : साधारण ३ मी. लांब-रुंद आवार पुरते. त्यात एक-दोन शांत सोबती हवेतच; एकट्या अल्पाकाचे लक्ष शिकण्याकडे नसते, कळप शोधण्याकडे असते. माणसाने समोरून न जाता खांद्याच्या बाजूने, डोळ्याच्या थोडे मागे राहून जावे आणि जनावराचे तोंड ज्या दिशेला असेल त्याच दिशेला आपलेही ठेवावे. पहिला स्पर्श पाठीवर किंवा मानेच्या मुळाशी, हाताच्या पालथ्या बाजूने करावा. डोक्याला हात सर्वांत शेवटी. लोकर मुठीत धरणे आणि मान कवेत आवळणे टाळावे. कान मागे पडणे, शेपूट उचलणे, सतत गुणगुणल्यासारखा आवाज काढणे, हनुवटी वर करणे या खुणा दिसल्या की एक पाऊल मागे यावे. थुंकी त्यानंतर येते.

चढवण्याची पद्धत : सुरुवातीला म्होरकी हातात ठेवून त्याच हाताने खाद्य द्यावे, वास घेऊ द्यावा. पुढे नाकपट्टीचे कडे उघडे धरून त्यातून खाद्य खाऊ घालावे, म्हणजे जनावर स्वतः तोंड आत घालते. नाकाच्या शेंड्याखालचे त्याला दिसत नाही. म्हणून कडे खालून अचानक वर आणू नये, दिसेल असे धरून थांबावे. तोंड आत-बाहेर करणे निवांत झाले की मगच पट्टी लावावी. कानांमागची पट्टी आधी पूर्ण लांब सोडून ठेवावी. जनावराच्या डाव्या बाजूला उभे राहून उजवा हात मानेवरून पलीकडे न्यावा आणि दोन्ही हातांनी कडे धरावे. नाकपट्टी जागेवर आली की पट्टी कानांमागे ओढून बकल लावावे. तोंड मागे घेतले तर घेऊ द्यावे. सुटता येते हे कळलेले जनावर कमी पळते.

एका बैठकीला पाच-दहा मिनिटे पुरतात. म्होरकी घातल्यावर लगेच दोरी ओढू नये, वैरण पुढे ठेवावी. खाताना घास अडखळत असेल तर नाकपट्टी अरुंद आहे. चालवायला शिकवताना २–३ मी. हलकी दोरी घ्यावी. किंचित ताण द्यावा आणि जनावराने वजन जरी पुढे घेतले तरी तत्क्षणी ढील द्यावी. सतत ओढत राहिल्यास ते मागेच रेलते.

इतर कारणे : पूर्वी म्होरकी घालू देणारे जनावर अचानक डोके चुकवू लागले, तर शिकवणे थांबवून पशुवैद्याला दाखवावे. कानातील गोचीड, चेहऱ्यावरील खरूज, दाताच्या मुळाशी झालेला गळू यांमुळे पट्टीचा स्पर्शही दुखतो.

वय : पिल्लांना बहुधा दूध तुटल्यावर, सहा महिन्यांच्या आसपास, शिकवतात. त्याआधी नर पिल्लाचे लाड करू नयेत. विशेषतः बाटलीवर वाढलेला नर माणसालाच आपल्या जातीचा समजू लागतो आणि मोठेपणी अंगावर धावून येतो.

काढताना : डोके झटकत असताना म्होरकी काढली तर झटकले की सुटका होते, हेच जनावर शिकते. डोके स्थिर होईपर्यंत थांबावे, बकल सोडून नाकपट्टी सावकाश खाली उतरवावी आणि जनावर क्षणभर उभे राहिल्यावरच हात दूर करावा. मोकळ्या जनावराच्या डोक्यावर म्होरकी ठेवून जाऊ नये. ती कुंपणात किंवा गव्हाणीत अडकते. दोरीचा ताण आला की पुढे यायला शिकेपर्यंत जनावर बांधू नये. त्यानंतरही सहज सुटणारी गाठ मारावी आणि कोणीतरी जवळ थांबावे, कारण बांधलेले अल्पाका दचकून मागे झेपावले तर मानेला इजा होते.