एका दिवसाचा उंचावरचा ट्रेक: परदेशी निघण्याआधी बडोद्यात करायची तयारी

‘तो ट्रेक शेवटी कशाला ठेवलात? पहिल्या दोन दिवसांत उरकून टाकू, मग निवांत फिरू.’ आमच्या दांडिया बाजारातल्या ऑफिसात सहलीचा कार्यक्रम हातात पडला की बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. प्रश्न रास्त आहे. पाय ताजे असताना चढून घ्यावं असं कुणालाही वाटेल. पण डोंगर उंच असेल तर पायांपेक्षा फुप्फुसांचा आणि रक्ताचा विचार आधी करावा लागतो. भूतान, पेरू किंवा स्वित्झर्लंडच्या सहलीत तुमचा एक दिवस चढाईचा असेल, तर हे पत्रक बुकिंगच्या कागदांत ठेवून देऊ नका. घरातले जे जे चढणार आहेत त्या सगळ्यांनी ते वाचावं.

बडोदं समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीसेक मीटरवर आहे. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण इथे सुमारे २१ टक्के, आणि डोंगरमाथ्यावरही तितकंच. फरक पडतो तो हवेच्या दाबात. ३,००० मीटरवर दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के राहतो, ५,००० मीटरवर निम्म्याहून थोडासाच जास्त. म्हणजे छाती तेवढीच फुगते, पण प्रत्येक श्वासातून मिळणारा ऑक्सिजन कमी. शरीर हे ओळखतं आणि श्वास वाढवून, लघवीचं प्रमाण वाढवून स्वतःला जुळवून घेतं. या जुळवाजुळवीला दिवस लागतात. ते दिवस पैसे देऊन किंवा व्यायाम करून कमी होत नाहीत.

आम्ही हे एकदा चुकून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका कुटुंबाच्या आग्रहाला मान देऊन पेरूतला सर्वांत उंच दिवस आम्ही दुसऱ्याच दिवशी ठेवला. त्यांचा कॉलेजातला मुलगा नऊच्या नऊ रात्री गरबा खेळणारा, घरात सगळ्यांत तगडा. रात्रभर उलट्या आणि डोकेदुखी झाली ती त्यालाच. रमतगमत चालणाऱ्या त्याच्या आईला काहीच झालं नाही. उंचीचा त्रास वय आणि तब्येत बघून येत नाही. उलट तगडा माणूस भराभर चढतो, म्हणून कधी कधी तोच आधी सापडतो. तेव्हापासून चढाईचा दिवस आम्ही सहलीच्या उत्तरार्धातच ठेवतो, आणि कुणी कितीही म्हटलं तरी तो अलीकडे ओढत नाही.

कुठे झोपता, ते महत्त्वाचं

हा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होऊ शकतो आणि बहुधा वर पोचल्यानंतर सहा ते बारा तासांत जाणवतो. त्यामुळे वर जाऊन त्याच दिवशी खाली झोपायला येणं त्यातल्या त्यात सुरक्षित. डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला असा, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा.

भूतानमध्ये हे गणित सोपं आहे. पारो सुमारे २,२०० मीटरवर आणि तक्तसांगचा मठ ३,१२० मीटरवर. पारोत किंवा थिंफूत दोन-तीन रात्री झाल्या की हा चढ बहुतेकांना झेपतो. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. वाट आधी मठासमोरच्या कड्यावर जाते, तिथून पायऱ्यांनी दरीत धबधब्यापाशी उतरते आणि पुन्हा चढते. परतताना त्या पायऱ्या चढाव्याच लागतात. घोडं मिळतं ते अर्ध्या वाटेपर्यंत आणि फक्त चढताना. उतार प्रत्येकाला आपल्या पायांनीच करायचा असतो. गुडघे दुखणाऱ्यांनी ‘घोडं आहे ना’ एवढ्यावर विसंबू नये. आत मोबाइल आणि कॅमेरा नेता येत नाही, खांदे आणि पाय झाकणारे कपडे लागतात. १९९८ साली हा मठ आगीत मोठ्या प्रमाणात जळाला आणि मग पुन्हा उभा केला गेला. ते सगळं लाकूड-दगड याच वाटेच्या उंचीवर कसं चढवलं असेल, हा विचार चढताना मनात येतोच.

पेरूत काळजी जास्त. विमान थेट कुस्कोला, म्हणजे सुमारे ३,४०० मीटरवर उतरतं. म्हणून आम्ही तुम्हाला विमानतळावरून थेट उरुबांबाच्या खोऱ्यात नेतो. ते जवळपास ५०० मीटर खाली आहे. माचू पिचू आणखी खाली, सुमारे २,४३० मीटरवर. ते आधी पाहायचं, मग कुस्कोत मुक्काम, आणि रंगीत पट्ट्यांचा विनिकुंका डोंगर अगदी शेवटी. तो ५,००० मीटरच्याही वर आहे. चाल फार लांब नाही, पण तिथे वीस पावलं टाकून थांबावं लागतं. साठीच्या पुढच्यांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना आम्ही विनिकुंकाचा आग्रह करत नाही. कुस्कोत हॉटेलवाले कोकाच्या पानांचा चहा देतात, तिथे तो कायदेशीर आहे. मात्र ती पानं किंवा त्या चहाच्या पुड्या भारतात आणू नका. आपल्याकडे तो अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा ठरतो.

स्वित्झर्लंडमध्ये दातेरी रुळांची रेल्वे झरमॅटहून, म्हणजे सुमारे १,६०० मीटरवरून, गोर्नरग्रातला ३,०८९ मीटरवर नेऊन सोडते. वर थोडं फिरून पायी रोटनबोडनपर्यंत उतरायचं, मॅटरहॉर्न शिखराचं प्रतिबिंब दाखवणारं रिफेलसे तळं पाहायचं आणि पुढल्या स्टेशनावर पुन्हा गाडी पकडायची, ही पहिल्यांदाच चालणाऱ्यांसाठी आमची आवडती वाट. उतार आहे म्हणून ती सोपी मात्र समजू नका. मांड्या दुसऱ्या दिवशी बोलतात.

मे महिन्याच्या सुट्टीबद्दल

शाळांना सुट्टी मेमध्ये असते आणि आल्प्समधल्या उंच वाटा मेमध्ये बहुधा बर्फाखाली असतात. काही रोपवे याच दिवसांत दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. तिथे चालण्याचा खरा हंगाम जूनअखेर ते सप्टेंबर. मेमध्येच जायचं असेल तर खालच्या दऱ्यांतल्या वाटा घ्या किंवा पेरूचा विचार करा, तिथे मे ते सप्टेंबर कोरडा काळ असतो. दिवाळीच्या सुट्टीला भूतान उत्तम; तेव्हा आकाश स्वच्छ असतं.

पावागड हीच आपली व्यायामशाळा

उंचीचा सराव बडोद्यात होऊ शकत नाही, पायांचा मात्र नक्की होतो. निघण्याच्या आठ आठवडे आधीपासून कमाटीबागेत रोज पाऊण तास भरभर चाला. तिसऱ्या आठवड्यापासून इमारतीची लिफ्ट सोडा. शेवटच्या महिन्यात निदान तीनदा पावागड करा: माचीपासून पायऱ्यांनी वर, आणि रोपवेचा मोह टाळून पायऱ्यांनीच खाली. चढताना छातीची परीक्षा होते, उतरताना गुडघ्यांची. पहाटे निघा आणि नवरात्रातले दिवस टाळा. तेव्हा त्या गर्दीत चालणं म्हणजे नुसतं ढकललं जाणं. पाठीवर जी सॅक परदेशी नेणार तीच घ्या, पायात जे बूट नेणार तेच घाला. बूट अर्धा नंबर मोठे हवेत. उतारावर पाय पुढे सरकतो आणि तंग बुटात अंगठ्याचं नख काळं पडतं. विमानतळावर नवे बूट घालून आलेला माणूस दिसला की आम्हाला त्याच्या टाचांची चिंता वाटू लागते.

डॉक्टरांकडे आधी जा

ब्लड प्रेशर, हृदयविकार, मधुमेह, दमा, रक्तक्षय किंवा गरोदरपण असेल तर निघण्याच्या महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांना भेटा. भेटताना ‘फिरायला चाललोय’ असं मोघम सांगू नका. किती मीटरवर, किती तास, ते सांगा. आमच्याकडून तसा कागद मागून घ्या. डायमॉक्स नावाने मिळणारी अॅसिटाझोलामाइडची गोळी उंचीचा त्रास टाळायला मदत करते. ती सहसा चढण्याच्या आदल्या दिवसापासून घेतात. पण ती प्रत्येकाला चालत नाही, विशेषतः सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना हे आवर्जून सांगावं. तिने बोटांना मुंग्या येतात आणि लघवी वाढते. शेजाऱ्यांच्या उरलेल्या स्ट्रिपमधून उचलायची ही गोळी नव्हे. सगळी औषधं चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन वर गोठू शकतं, ते अंगालगतच्या खिशात ठेवा. पहिल्या दोन रात्री दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत, दोन्हींनी झोपेतला श्वास मंदावतो.

उपवासाबद्दल थोडं. एकादशी-चतुर्थीचा कडक उपवास चढाईच्या दिवशी करू नये असं आम्हाला मनापासून वाटतं. तारीख ठरवताना आम्ही पंचांग पाहतोच. तरीही गाठ पडली तर शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू आणि खजूर भरपूर घ्या, रिकाम्या पोटी चढू नका.

सॅकमध्ये काय

दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. खाली गावात वीस अंश असतील तर दीड हजार मीटर वर दहाच्या आसपास, आणि वारा सुटला की त्याहून कमी वाटतं. एकच जाड स्वेटर घेण्यापेक्षा तीन थर घ्या: अंगालगत घाम लगेच वाळणारा टी-शर्ट, त्यावर लोकरी किंवा फ्लीसचं, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. सुती बनियन आपल्या उन्हाळ्यात छान, पण वर घामाने भिजलं की वाळत नाही आणि थांबलं की अंग थिजवतं. ऊनही फसवं. दर हजार मीटरला अतिनील किरण सुमारे १० टक्के वाढतात, बर्फ ते परत फेकतं. थंडी वाजत असतानाच कातडी भाजते. टोपी, सनस्क्रीन आणि चांगला गॉगल मुलांसाठीही हवा.

पाणी माणशी दोन ते तीन लिटर. खायला थेपले, खाखरा, सुकी भाकरवडी आणि गूळ-शेंगदाणे. पेढे, बर्फी वगैरे दुधाचे पदार्थ स्वित्झर्लंडला नेऊ नका, तिथे प्रवाशांना ते आणायला बंदी आहे. चिवड्याचं पाकीट वर फुगून टम्म होतं. हवेचा दाब काय असतो हे मुलांना समजवायला तेवढं पुरे. डोक्याला लावायची बॅटरी, शिट्टी आणि कागदावर लिहिलेला हॉटेलचा पत्ता ठेवा. मोबाइल जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी लवकर उतरते. पॉवर बँक विमानात हातातल्याच बॅगेत, चालायच्या काठ्या मात्र चेक-इन सामानात.

चढाईच्या दिवशी

वेळेचा हिशेब १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने घालून दिला: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे दहा किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर तीन तास. आपण मैदानातली माणसं, त्यात विरळ हवा. म्हणून आम्ही याची दीडपट धरतो आणि विश्रांती वेगळी. स्वित्झर्लंडमधल्या पिवळ्या पाट्यांवर अंतराऐवजी वेळ लिहिलेला असतो, त्यातही विश्रांती धरलेली नसते. दगडांवर पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट. बूट आणि सावधगिरी हवी. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर ती वाट तुमची नव्हे, मागे फिरा.

परतायची वेळ आदल्या रात्रीच ठरवा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा. दुपारी डोंगरात ढग जमतात, विजा पडतात. म्हणून साडेबारा ठरली असेल तर माथा पंधरा मिनिटांवर असला तरी साडेबाराला वळायचं. सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. बोलता येईल इतक्याच वेगाने चढा. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा.

चढताना धाप लागणं साहजिक आहे, थांबलं की ती बसते. पण डोकं दुखतंय, मळमळतंय, खावंसं वाटत नाही, चक्कर येते, असं झालं तर तो उंचीचाच त्रास समजा आणि आणखी वर जाऊ नका. लहान मुलं डोकं दुखतंय असं सांगत नाहीत; ती किरकिरतात, खाणं नाकारतात, गप्प बसून राहतात. बसल्या जागीही धाप लागणं, सतत खोकला, भरकटल्यासारखं बोलणं, किंवा टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालता न येणं, यातलं काहीही दिसलं तर त्या क्षणी खाली उतरायचं, रात्र असली तरी. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, एकट्याला पाठवायचं नाही. त्याला जितक्या लवकर खाली आणाल तितकं चांगलं. गोळी किंवा ऑक्सिजन मिळाला म्हणून उतरणं लांबवू नका.

वाट चुकली किंवा पाय मुरगळला तर आल्प्समध्ये मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा बॅटरीची उघडझाप, मग एक मिनिट थांबून पुन्हा. मिनिटाला तीन इशारे परत आले म्हणजे तुमची हाक ऐकू गेली. युरोपभर मदतीचा फोन ११२, स्वित्झर्लंडमध्ये हवाई बचावासाठी १४१४.

विमा काढताना पॉलिसीत ट्रेकिंग धरलं आहे का, किती मीटरपर्यंत धरलं आहे आणि हेलिकॉप्टरचा खर्च आहे का, या तीन ओळी शोधा. सापडल्या नाहीत तर कागद आमच्याकडे आणा, आपण बसून वाचू.

निघण्याच्या आधीच्या रविवारी सकाळी सगळ्या कुटुंबाने चढाईच्या पूर्ण पोशाखात, भरलेल्या सॅका घेऊन ऑफिसात यावं. आम्ही वजन करतो, बूट बघतो, औषधांची यादी तुमच्या टूर लीडरसाठी लिहून घेतो, आणि मग सगळे मिळून सूरसागरला एक फेरी मारून येतो.