सप्तचिरंजीव

अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम हे पुराणपरंपरेने चिरंजीव मानलेले सात पुरुष. ‘अश्वत्थामा बलिर्व्यासो’ या प्रसिद्ध श्लोकात त्यांची नावे येतात. पुढच्या श्लोकात मार्कंडेय हा आठवा. वाढदिवसाच्या वर्धापनविधीत या सर्वांचे स्मरण-पूजन करून तीळ-गूळ घातलेले दूध प्राशन करतात.

ही यादी महाभारतोत्तर, पुराणरचनेच्या काळात स्थिरावली असावी. विष्णुपुराणात (३.२) पुढच्या सावर्णी मन्वंतराचे (एका मनूच्या कालखंडाचे) सप्तर्षी सांगताना राम (परशुराम), कृप, द्रौणी (अश्वत्थामा) व व्यास यांचा उल्लेख आहे आणि त्या मन्वंतराचा इंद्र बळी आहे. सातांपैकी पाच नावे एकाच ठिकाणी यावीत हा निव्वळ योगायोग मानणे कठीण जाते. त्यामुळे या पाचांपुरते तरी चिरंजीवित्व म्हणजे अमरत्व नव्हे, तर पुढील अधिकारपदापर्यंतचे आयुष्य, हा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. हनुमानाचे आयुष्य रामायणाच्या उत्तरकांडात रामकथेच्या प्रसाराशी बांधले आहे.

अश्वत्थाम्याचे प्रकरण वेगळे आहे. इतरांना दीर्घायुष्य वर म्हणून मिळाले, त्याला ते शाप म्हणून भोगावे लागले. महाभारताच्या सौप्तिकपर्वात (अध्याय १६) उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडल्याबद्दल कृष्ण त्याला शाप देतो : पू व रक्ताचा दर्प अंगी घेऊन, सर्व व्याधींनी ग्रस्त होऊन, निर्जन प्रदेशांत तू एकटा भटकशील आणि कोणाशी तुझे बोलणेही होणार नाही. या शापाची मुदत ‘त्रीणि वर्षसहस्राणि’ म्हणजे ३,००० वर्षे आहे. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक (हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या) आवृत्तीतही हाच पाठ आहे. म्हणजे महाभारताचा अश्वत्थामा अमर नाही. अनंतकाळ भटकणारा अश्वत्थामा हा उत्तरकालीन विस्तार होय. या शिक्षेचा गाभा व्याधींपेक्षा संवादबंदीत आहे, हे मूळ वाचताना विशेष जाणवते. भागवतात (१.७) अर्जुन त्याचा मस्तकमणी केसांसह कापून त्याला हाकलून देतो, तेथे हा शाप नाही. सौप्तिकपर्वात तो मणी स्वतः देतो, भीम तो द्रौपदीला नेऊन देतो आणि तिच्या इच्छेने युधिष्ठिर तो धारण करतो. कपाळावरची कधीही न भरणारी जखम ही लोकपरंपरेत ठळक झालेली प्रतिमा आहे.

नर्मदाकाठच्या, विशेषतः शूलपाणीच्या झाडीतल्या कथांत तो जखमेसाठी तेल मागत हिंडतो. मराठी परिक्रमावासींच्या सांगण्यात या कथा वारंवार येतात. बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावरील शिवमंदिरात तो पूजेला येतो, अशी समजूत आहे. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातील अस्तंबा शिखरावर (सु. १,३२५ मी.) दिवाळीत आदिवासींची यात्रा भरते. तेथील अस्तंबा ऋषी म्हणजे अश्वत्थामा असे मानतात. मात्र मूळच्या स्थानिक दैवतावर महाभारतकथा नंतर चढली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.