पर्जन्यवृक्ष (घराच्या आवारातील निगा)

पर्जन्यवृक्ष म्हणजेच रेन ट्री. मूळचा मध्य अमेरिकेतला आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला, भारतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहुधा श्रीलंकेमार्गे आला असं मानतात. वर्गीकरणाचा घोळ जुना आहे: वनस्पतिशास्त्रज्ञ जाकँने 1800 मध्ये त्याला लाजाळूच्या मिमोसा प्रजातीत टाकलं, म्युलरने 1876 मध्ये शिरीषाच्या अल्बिझियात नेलं, मेरिलने 1916 मध्ये सामानियात, आणि जुन्या पुस्तकांत पिथेसेलोबियम हे प्रजातीचं नाव पण सापडतं. हल्ली कल सामानिया सामानकडे आहे, शेंगा आपणहून न फुटणाऱ्या आणि आत गोड चिकट गर असलेल्या असतात हे बघता तेच जास्त पटतं.

जुन्या बंगल्यांच्या आवारात हे झाड आजारी पडतं ते बहुतेक वेळा जमिनीतून. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं साधारण वरच्या अर्ध्या मीटरभर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात, त्यामुळे पेव्हर ब्लॉक, गाडीचं पार्किंग, बुंध्याशी चढवलेली भर या सगळ्याने मुळांचा श्वास कोंडतो, आणि त्याचा परिणाम शेंड्याला दिसायला काही वर्षं जातात म्हणून कारण कुणाच्या लक्षातच येत नाही. बुंध्याभोवती जमेल तेवढी माती मोकळी ठेवावी, पाचोळा जाळू नये, तिथेच पसरावा, फक्त खोडाला टेकवू नये. उन्हाळ्यात पाणी द्यायचं तर बुंध्यात न ओतता लांब घेराकडे द्यावं.

छाटणीबद्दल मतं वेगळी आहेत. फांदी खोडालगत सपाट कापायची पद्धत अजून चालते, पण अमेरिकन संशोधक अॅलेक्स शायगो यांनी 1970 च्या दशकापासून मांडलं की झाड जखम भरून काढत नाही, कुजका भाग आतून वेगळा पाडतं, आणि ही अडवणूक फांदीच्या बुडाच्या फुगीर कड्यातून होते. म्हणून कडं शाबूत ठेवून त्याच्या बाहेर कापावं, आणि जड फांदीला आधी खालून खाच द्यावी, नाहीतर साल खोडापर्यंत सोलून निघते. कापावर डांबर फासायचा फायदा दिसत नाही. शेंडा छाटून झाड बोडकं करणं तर अजिबात नको, नंतर फुटणारे धुमारे कच्च्या जोडाचे असतात आणि वाऱ्यात तेच आधी पडतात.

मुंबईत 2010 नंतर बरेच रेन ट्री वाळले, तेव्हा बोट पिठ्या ढेकणाकडे दाखवलं गेलं, काहींनी काँक्रीटकडे. मुळं कोंडलेल्या झाडावर कीड जोर धरते हे जास्त संभवतं.

शहरी भागात खाजगी आवारातलं झाड तोडायलाही महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते, आणि 2021 च्या दुरुस्तीत 50 वर्षं किंवा जास्त वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलंय.