दूर सरणाऱ्या भूपट्टांच्या गतीचे मापन

पृथ्वीच्या कठीण शिलावरणाचे दोन शेजारी पट्ट एकमेकांपासून किती वेगाने आणि कोणत्या दिशेने दूर जात आहेत, हे ठरवण्याच्या पद्धती. दोन्ही पट्ट हलत असल्याने इथे सापेक्ष गतीच मोजली जाते. आइसलँडमध्ये ती वर्षाला सुमारे २ सेंमी. आहे, पूर्व पॅसिफिक उंचवटा या समुद्राखालील पर्वतरांगेच्या काही भागांत ती १५ सेंमी.पर्यंत जाते. गोलावरील पट्टाची हालचाल हे एका अक्षाभोवतीचे फिरणे असते, म्हणून एकाच सीमेवरही वेग सर्वत्र सारखा नसतो. अक्षाच्या ध्रुवाजवळ, म्हणजे अक्ष पृथ्वीच्या पृष्ठभागाला जिथे छेदतो तिथे, तो कमी भरतो.

आल्फ्रेड वेगेनर यांनी ग्रीनलंडच्या रेखांशांची जुनी-नवी निरीक्षणे ताडून ते बेट युरोपपासून वर्षाला कित्येक मीटर सरकते, असा निष्कर्ष काढला होता. खंड सरकतात हे त्यांचे म्हणणे खरे ठरले, हा आकडा मात्र चुकला: ताऱ्यांवरून रेखांश काढण्यातली त्रुटीच प्रत्यक्ष सरकण्याहून कितीतरी मोठी होती.

विश्वासार्ह आकडे प्रथम सागरतळाने दिले. दोन पट्टांच्या सीमेवर समुद्राखाली पसरलेल्या पर्वतरांगेच्या, म्हणजे कटकाच्या, माथ्यावर वर येणारा लाव्हा थिजताना त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा स्वतःत साठवतो. हे क्षेत्र अधूनमधून उलटत आले असल्याने माथ्याच्या दोन्ही बाजूंना सुलट-उलट चुंबकत्वाचे खडकांचे पट्टे तयार होतात. फ्रेडरिक व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये हा अर्थ लावला. लॉरेन्स मॉर्ली स्वतंत्रपणे त्याच विचारापर्यंत पोचले होते. शेवटचे उलटणे सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वीचे. त्याची खूण माथ्यापासून दोन्हीकडे १०-१० किमी.वर सापडली, तर विस्ताराचा वेग वर्षाला सुमारे २.६ सेंमी. येतो. हिशेब साधा आहे, पण हाती येते ती लाखो वर्षांची सरासरी.

आजची गती भूगणित, म्हणजे पृथ्वीवरील स्थाने व अंतरे अचूक मोजण्याचे शास्त्र, सांगते. क्वेसार या अतिदूरच्या तेजस्वी खगोलांचे रेडिओ संकेत दोन खंडांवरील दुर्बिणींना किंचित वेगवेगळ्या वेळी मिळतात. त्या फरकातून दुर्बिणींमधले अंतर काढतात. १९८०च्या दशकात अमेरिका आणि युरोप यांच्यातले अंतर वर्षाला दोनेक सेंटिमीटरने वाढत असल्याचे याच रीतीने थेट दिसले. जीपीएस केंद्रांच्या अनेक वर्षांच्या नोंदींतून आता वेग मिलिमीटरच्या आसपास अचूक मिळतो. चुंबकीय पट्ट्यांचे आकडे आणि हे आकडे बहुतेक ठिकाणी जवळजवळ जुळतात. लाखो वर्षांची सरासरी आणि काही वर्षांचे मोजमाप असे जुळावे, हे या विषयातले सर्वांत विलक्षण फलित म्हणावे लागेल.

सीमेच्या अगदी जवळ मात्र चित्र बदलते. तिथले खडक दीर्घकाळ ताणले जातात आणि मग एकाएकी फाकतात. आइसलँडमधील क्राफ्ला भागात १९७५–८४ या काळात जमीन काही मीटर रुंदावली. इथिओपियातील अफार भागात २००५ मध्ये सुमारे ६० किमी. लांबीच्या भेगेत शिलारस घुसला आणि काही आठवड्यांतच ती जागोजागी ८ मीटरपर्यंत उघडली; उपग्रहांच्या रडार प्रतिमांवरून हे मोजता आले. अशा घटनेनंतर काही वर्षे आसपासची जमीन पट्टांच्या सरासरी वेगापेक्षा जलद सरकत राहते. म्हणून पट्टांचा वेग काढताना मापन केंद्रे भेगेपासून दूर, पट्टांच्या स्थिर अंतर्भागात घेतात.

बहुतेक अपसारी सीमा, म्हणजे पट्ट दूर सरणाऱ्या सीमा, समुद्राखाली आहेत आणि जीपीएसचे संकेत पाण्यातून जात नाहीत. तिथे तळावर ध्वनिसंकेतक ठेवून, त्यांचे जहाजापासूनचे किंवा परस्परांतील अंतर ध्वनीच्या प्रवासकाळावरून मोजतात. पाण्याचे तापमान आणि क्षारता बदलली की ध्वनीचा वेगही बदलतो. ती दुरुस्ती हेच या कामातले सर्वांत कठीण अंग आहे.