खांब सिमेंटात गाडला की कुंपणाचा खर्च संपला?

"लाकडी कुंपणाचे खांब सिमेंटात गाडा, कुजायचं टेन्शन नाही, एकदाच खर्च" हे वर्षानुवर्षं फिरतंय, आणि ऐकायला पटतं पण, कारण सिमेंट म्हणजे पक्कं काम असंच आपल्या डोक्यात बसलेलं असतं.

होतं काय, की लाकूड वाळलं की आकसतं, सिमेंट काही त्याच्यासोबत आकसत नाही, मग दोघांमधे बारीक फट पडते, पावसाचं पाणी त्यात उतरतं आणि वाटीत साचल्यासारखं तिथेच राहतं. बुरशीला ओल लागते आणि हवाही, म्हणून खांब कुजतो तो जमिनीच्या पातळीला, वर मात्र ठणठणीत दिसतो.

बघायचं असेल तर चार-पाच पावसाळे झालेलं कुंपण गाठा, खांबाच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर दाबा. भुसभुशीत आत गेला तर समजा खांब आतून कुजला. सागवान असलं तरी त्याचा कडेचा पांढरट भाग टिकत नाही, टिकतो तो आतला गाभा.

आता हिशोब. ६० फूट कुंपण, दर ६ फुटाला खांब म्हणजे ११ खांब, आणि बदलताना प्रत्येकाचा सिमेंटचा गड्डा फोडून काढायचा, मजुरी तिथेच जाते! त्यापेक्षा खांब आरसीसीचे (आत सळ्या घातलेल्या काँक्रीटचे) किंवा लोखंडी अँगलचे घ्या, लाकडी पट्ट्या नटबोल्टने मारा, जमिनीपासून दोनेक इंच वर. सुरुवातीला थोडं जास्त जाईल, पण नंतर फक्त खराब झालेली पट्टी बदलायची. आणि कोटेशन रनिंग फुटाने, म्हणजे कुंपणाच्या लांबीच्या दर फुटामागे असेल तर खांब, गेट, पॉलिश त्यात धरलंय का ते आधी विचारून घ्या.