ब्रिटिश जोडीदाराकडे जोडीदार-व्हिसावर आल्यानंतर कुटुंबाचे भत्ते: अर्ज कोणी करावा आणि कोणते कागद लागतात

लग्नानंतर भारतातून ब्रिटनमध्ये आलेल्या पत्नीच्या किंवा पतीच्या व्हिसावर एक अट असते: 'सार्वजनिक निधीचा आधार घेता येणार नाही'. ही अट वाचून अनेक कुटुंबे चाइल्ड बेनिफिटचा (मुलांसाठी सरकारकडून मिळणाऱ्या भत्त्याचा) अर्जच करत नाहीत, तर काही कुटुंबांत बाळाची आई म्हणून पत्नीच तो अर्ज भरते. पहिल्या चुकीत हक्काचे पैसे जातात. दुसरीत पुढच्या व्हिसाला धोका निर्माण होतो, म्हणून ती अधिक गंभीर आहे.

1999 च्या स्थलांतर व आश्रय कायद्याच्या कलम 115 नुसार, ज्या व्यक्तीच्या व्हिसावर ही अट आहे तिला स्वतःच्या नावावर चाइल्ड बेनिफिट, युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारा मासिक भत्ता), हाउसिंग बेनिफिट (घरभाड्यासाठीचा भत्ता) यांसारखे भत्ते मागता येत नाहीत. मात्र ब्रिटिश जोडीदाराच्या हक्काला या अटीने बाध येत नाही. त्याला स्वतःच्या हक्काने मिळणाऱ्या पैशांवर घर चालत असेल, तर परदेशी जोडीदाराने सार्वजनिक निधी घेतला असे मानले जात नाही. परंतु परदेशी जोडीदार इथे आल्यामुळेच भत्त्याची रक्कम वाढत असेल, तर तो अटीचा भंग ठरू शकतो. कोणताही अर्ज भरण्यापूर्वी हा फरक लक्षात घ्यावा.

चाइल्ड बेनिफिटची रक्कम मुलांच्या संख्येवर ठरते. जोडीदार घरात आहे की नाही याने ती बदलत नाही. त्यामुळे ब्रिटिश पालकाने तो निर्धास्तपणे मागावा. 2025-26 या वर्षात पहिल्या मुलासाठी आठवड्याला 26.05 पौंड आणि पुढच्या प्रत्येक मुलासाठी 17.25 पौंड असा दर होता. एरवी पती-पत्नी एकत्र राहत असतील तर पत्नीच्या अर्जाला प्राधान्य मिळते, पण पत्नीच्या व्हिसावर वरील अट असेल तर अर्ज ब्रिटिश पतीच्याच नावाने जायला हवा. अर्जातील जोडीदाराच्या रकान्यात मात्र तिची माहिती खरी आणि पूर्ण भरावी. अर्ज एचएमआरसीकडे (ब्रिटनच्या कर खात्याकडे) ऑनलाइन किंवा 'सीएच2' या फॉर्मवर करता येतो. मागील थकबाकी जास्तीत जास्त तीन महिन्यांचीच मिळते, म्हणून उशीर करू नये. दोघांपैकी कोणा एकाचे वार्षिक उत्पन्न 60,000 पौंडांच्या वर गेले की भत्त्याचा काही भाग कररूपाने परत जाऊ लागतो आणि 80,000 पौंडांना तो पूर्ण परत जातो. हे जास्त उत्पन्न परदेशी जोडीदाराचे असले तरी नियम तोच. ब्रिटिश जोडीदार स्वतःच काही वर्षे भारतात राहून परतला असेल, तर साधारणपणे तीन महिने ब्रिटनमध्ये वास्तव्य झाल्यावरच हक्क सुरू होतो.

खरी अडचण कागदांची असते. मूल भारतात जन्मलेले असेल तर त्याचा मूळ जन्मदाखला आणि पासपोर्ट लागतो. रुग्णालयाची चिठ्ठी चालत नाही. महाराष्ट्रातील जुने दाखले अनेकदा केवळ मराठीत असतात, त्यामुळे सोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे आणि त्यावर भाषांतरकाराचे नाव, सही व तारीख असावी. बारशाआधी काढलेल्या दाखल्यात बाळाच्या नावाची जागा कोरीच राहिलेली असते; नगरपालिकेत किंवा महापालिकेत नावाची नोंद करून नवा दाखला घ्यावा. याहून किचकट गोष्ट आईच्या नावाची: जन्मदाखल्यावर सासरचे नाव, तिच्या पासपोर्टवर वडिलांचे नाव व माहेरचे आडनाव, आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर दोन्ही. आपल्याला यात काहीच वावगे वाटत नाही, पण तिकडच्या अधिकाऱ्याला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. म्हणून विवाह प्रमाणपत्राची प्रत आणि नावबदलाचे राजपत्र असल्यास तेही सुरुवातीलाच जोडावे. मूळ कागद टपालाने पाठवण्यापूर्वी प्रत्येकाची स्वच्छ छायाप्रत घरी ठेवावी आणि पोच मिळणारे टपाल वापरावे.

युनिव्हर्सल क्रेडिटचा नियम वेगळा आणि, माझ्या मते, कुटुंबावर अन्याय करणारा आहे. ब्रिटिश जोडीदाराला घरात दोघे असूनही एकट्याच्या दराने पैसे मिळतात. 2025-26 मध्ये पंचवीस किंवा त्याहून अधिक वयाच्या एकट्या व्यक्तीचा मासिक मूळ भत्ता 400.14 पौंड होता, जोडप्याचा 628.10. परदेशी जोडीदाराचा पगार आणि बचत मात्र हिशेबात पूर्ण धरली जाते. दोघांची मिळून बचत 16,000 पौंडांहून अधिक असेल तर हक्कच संपतो, आणि त्यात भारतातील मुदत ठेवी व साधारणतः राहत्या घराव्यतिरिक्तची स्थावर मालमत्ताही येते. जोडीदार ज्या दिवशी घरी राहायला आला, तो दिवस ऑनलाइन खात्यात 'परिस्थितीतील बदल' म्हणून नोंदवावा, त्याच्या व्हिसाची अट स्पष्ट सांगावी आणि ती शेअर कोड (आपली व्हिसा-स्थिती दुसऱ्याला ऑनलाइन पाहू देणारा संकेतांक) देऊन दाखवावी. कळवायचे राहून गेल्यास जादा मिळालेले पैसे पुढे वसूल होतात.

एकट्या रहिवाशाला काउन्सिल टॅक्समध्ये (स्थानिक काउन्सिलच्या घरावरील करात) मिळणारी 25 टक्के सवलत जोडीदार आल्यावर बंद होते. तेही काउन्सिलला वेगळे कळवावे लागते.

पहिल्या लग्नाचे मूल आश्रित व्हिसावर सोबत आले असेल, तर त्याच्या नावाने कोणतीही वाढीव रक्कम मागण्यापूर्वी नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला विचारावे.

सरकारी शाळा, एनएचएसचे (सरकारी आरोग्यसेवेचे) उपचार, तसेच नोकरी आणि कमाईवर आधारलेले प्रसूतिकाळाचे वेतन व मॅटर्निटी अलाउन्स हे 'सार्वजनिक निधी'त मोडत नाहीत. पात्रता असेल तर पत्नी ते स्वतःच्या नावाने घेऊ शकते. घाबरून सोडून देऊ नयेत.

घरात मारहाण किंवा छळ होऊन संसार मोडला, तर जोडीदार-व्हिसावर आलेल्या स्त्रीला किंवा पुरुषाला गृहखात्याकडे विशेष सवलतीचा अर्ज करता येतो. ती मंजूर झाल्यास तीन महिन्यांची परवानगी मिळते आणि त्या काळात स्वतःच्या नावाने भत्ते मागता येतात. मात्र या परवानगीने मूळ जोडीदार-व्हिसा संपतो, म्हणून अर्जाआधी सल्ला घ्यावा आणि त्याच तीन महिन्यांत स्थायी निवासासाठीचा पुढचा अर्ज करावा. हे माहीत नसल्यामुळे अनेक मुली 'माझा व्हिसा नवऱ्याच्या हातात आहे' असे समजून सोसत राहतात. तुमच्या ओळखीत अशी कोणी असेल, तर एवढी माहिती तिच्यापर्यंत जरूर पोहोचवा.